दरवाजा आपटला

धकाते काकूंनी आयुष्यात एकही सिनेमा गप्प बसून पाहिला नाही. गप्प बसून त्यांनी तसं काहीच केलं नाही म्हणा. पण बाकी ठिकाणी बोलणारी माणसं भंडाऱ्यात खूप आहेत. टॉकीजच्या अंधारात पहिल्या सीनपासून शेवटच्या पाटीपर्यंत मोठ्याने बोलणारी बाई मी एकच पाहिली. आणि ज्यांनी ज्यांनी तिला 'शू' केलं, ते सगळे पुढे तिच्या आसपासची खुर्ची धरायला धडपडू लागले.

माझं औषधाचं दुकान त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. सकाळी शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक काकू. गिऱ्हाईक म्हणजे आपलं म्हणायचं. धकाते काकांचे डोळ्यांचे थेंब न्यायला त्या अधूनमधून यायच्या, पण रोज यायच्या त्या हवामानाचा निकाल द्यायला. मी मोबाईल बघून म्हणायचो, "काकू, आज दुपारून पाणी दाखवून राहिला."

"कोन दाखवून राहिला?"

"मोबाईल."

"त्याले म्हना, आधी खिडकीतून बाहेर पाय."

एवढं बोलून घरी जायच्या आणि मुद्दाम गच्चीवर कुरड्या वाळत घालायच्या. दुपारी पाऊस आला तर अख्खी गल्ली आपापल्या गच्चीकडे पळायची. काकू ओसरीत बसून राहायच्या. मी एकदा दुकानातून हाक मारून सांगितलं की तुमचं वाळवण भिजतंय. म्हणाल्या, "भिजू दे. एकदा का मी पळत वर गेली, तं त्याले वाटंल हे बाई भेते. मंग रोज येईल." त्या उन्हाळ्यात गल्लीने काकूंच्या भिजून पुन्हा वाळलेल्या कुरड्या खाल्ल्या. तेलात टाकल्या तरी त्या फुलत नसत, नुसत्या कढईतून रागाने बघत. तरी कोणी 'नको' म्हणायची हिंमत केली नाही.

काकू मूळच्या कारध्याच्या, नदीपलीकडच्या. धानाची शेती असलेल्या घरातली मुलगी, लग्न करून पूल ओलांडून शहरात विणकराच्या घरी आली. सासरी पहिली काही वर्षं तिचं बोलणं सुधारायचा कार्यक्रम चालला. मग सासू वारली, नणंदा लग्न होऊन गेल्या, आणि बोलणं होतं तसंच राहिलं. पुढे मुलगा, प्रशांत, पुण्यात नोकरीला लागला आणि कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. तो फोनवर हळूच सांगायचा की आई, इकडे आलीस की जरा मले-तुले कमी कर. काकू एकदा त्याच्याकडे महिनाभर राहायला म्हणून गेल्या आणि मधूनच परत आल्या. तिथे लिफ्टमध्ये कुणा बाईने त्यांना विचारलं होतं, तुम्ही हिंदी भाषिक का? काकू म्हणाल्या, "मराठीच हाये. तुमची पातळ हाये, आमची घट्ट हाये."

मी विचारलं, एवढ्यात परत का आलात? तर भाषेबद्दल चकार शब्द नाही. "तठी उनच नाई ना बापा. माणूस तापलाच नाई तं बोलंल काय?"

धकाते काका अगदी उलट. गल्लीत शेवटपर्यंत ज्या घरांत माग चालला त्यांतलं एक त्यांचं. दिवसभर खटक-खटक साड्या विणणार आणि तोंडातून शब्द काढणार नाहीत. त्यांना नाद एकच, सिनेमाचा. नवा सिनेमा लागला की पहिल्या आठवड्यात काका टॉकीजमध्ये. त्यातही त्यांना रडका शेवट लागायचा. हिरो मेला, हिरोईन नदीकाठी उभी आहे, असलं काही असलं की दुसऱ्यांदा जायचे. घरी येऊन कुणाला काही सांगायचे नाहीत, पण त्या दिवशी साडीचा काठ जरा जास्तच गडद निघतो, असं काकू म्हणायच्या. काकू स्वतः कधी बरोबर गेल्या नाहीत. "खोटं खोटं मरतेत तठीचे लोकं, अन आपण खरं खरं रडाचं. असं कोनं सांगतलन?"

मग काकांना काचबिंदू झाला. हा आजार घाई करत नाही. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मागाचे धागे, मग माणसं. थेंब मी देत होतो आणि त्यांचा उपयोग काय नि किती, ते मला काकांइतकंच ठाऊक होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही. काका घरी आले आणि पुढच्या खोलीतल्या खाटेवर बसले. ते बसलेच. माग उचलून कुणीतरी नेला. पानठेल्यावर जाणं थांबलं, दाढी करणं थांबलं, घरात कुणी काही विचारलं तर उत्तर देणं थांबलं. माझ्या दुकानातून ती खाट दिसायची. मी तिकडे बघायचं टाळू लागलो होतो.

मे महिन्याच्या अखेरीला आमच्याकडे नवतपा लागतो. रोहिणीतले ते दिवस असे की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, वाऱ्याने तोंड भाजतं आणि कूलरच्या नळीतून पाणी उकळून आल्यासारखं येतं. अशा एका दुपारी मी शटर अर्धं ओढून पंख्याखाली पेंगत होतो. काकू डोक्याला दुपट्टा गुंडाळून वाकून आत आल्या.

"सुनील, टॉकीजमंधी कोन्ता पिच्चर लागला?"

मला वाटलं ऊन लागलं. मी ग्लुकोजचा डबा पुढे केला.

"ते ठेव तठी. पिच्चर कोन्ता लागला ते सांग. तुमचे काका बसून बसून लाकूड होऊन राहिले."

"काकू, त्यायले दिसत नाई आता."

"मले दिसते ना. मी सांगतो."

मी म्हणालो, निदान ऊन उतरू द्या. तर म्हणाल्या, "उनाले कायले भ्याचं? ऊनच पाह्यजे. आंगाले चटका बसला तं समजंल त्यायले का आपण जिते हाओत." काकांना त्यांनी कसं उठवलं ते मला माहीत नाही. पण थोड्या वेळाने दोघं माझ्या दुकानावरून गेले. काका पुढे, त्यांच्या सदऱ्याची बाही काकूंच्या मुठीत. अंधारात पायऱ्या चढवायला मदत म्हणून मलाही बोलावलं. खरं तर अंधाराची सवय काकांना होती. पायरीवर धडपडलो तो मी.

सिनेमा दक्षिणेकडचा, हिंदीत केलेला. दिवे गेले आणि काकू सुरू झाल्या.

"हिरो आला. दाढी केली नाई. मागं लय लोकं पळून राहिले, काहून ते माईत नाई. आता थांबला. आता केस मागं केलन. बस, तेच करून राहिला."

बऱ्याच वेळाने काकांनी विचारलं, "हिरोईन?"

"हाये. दोन दिवसाची जेवली नाई वाटते."

मागून कुणीतरी 'शू' केलं. काकूंनी मागे वळून सांगितलं, "तिकीट मी बी काढली," आणि पुढे चालू. बर्फातलं गाणं लागलं. "बरफ पडून राहिला. हिरोनं कोट घातला, आत सेटर घातला, गळ्याले मफलर गुंडाळलन. हिरोईनले देल्लं एक पातळ लुगडं. अन तेच हासून राहिली. असं कोणी हासते का थंडीत? हिले अठी आणा म्हना नवतप्यात, एक दिवस परा लावाले पाठवतो." परा म्हणजे धानाची रोपं. तो नवतप्यात लावत नाहीत, पण काकूंच्या धमकीला नक्षत्राचं बंधन नव्हतं.

मुंबईतला एक गुंड काचेच्या इमारतीत बसून हळू आवाजात भारी हिंदी बोलत होता. काकूंच्या तोंडून तो म्हणाला, "काहून बे, माया माणसाले कोनं हात लावलन?" आणि मला तो पहिल्यांदा खरा वाटला. तोवर तो नुसता एक सूट होता. माझ्या शेजारच्या खुर्चीतला माणूस फसकन हसला. काकांच्या ओठाचा कोपराही जरा हलला असावा, असं मला वाटलं.

मग ते झालं. पडद्यावर हिरोने रागाच्या भरात बायकोच्या थोबाडीत मारली. आवाज अख्ख्या टॉकीजमध्ये घुमला. काकू एकदम गप्प. काकांनी मान त्यांच्याकडे वळवली.

"काय झालं? कायचा आवाज आला?"

"दरवाजा आपटला."

"कोन्ता दरवाजा?"

"मागचा. हवा सुटली तठी."

पडद्यावर हिरोईन रडायला लागली. काका म्हणाले, "मंग ते रडून काहून राहिली?"

"बोट सापडलं दरवाज्यात."

काका "हं" म्हणाले आणि पुढे ऐकू लागले. शेवटी हिरोची आई गोळी लागून मेली. काकूंनी सांगितलं की ती थकली होती, झोपली. परतताना काका मला म्हणाले, "बरा होता पिच्चर." कित्येक महिन्यांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं वाक्य होतं. मला इतकं बरं वाटलं की दुकान पुन्हा उघडायचंही मी विसरलो.

त्यानंतर दर आठवड्याला दोघं जायचे, ऊन असो, पूर असो. काका दाढी करू लागले. काकूंच्या सिनेमात नवऱ्याने बायकोला कधी मारलं नाही, म्हातारी माणसं मेली नाहीत आणि मुलीला बापाने घरातून हाकललं नाही. ती स्वतःच "कंटाळून" निघून गेली. दरवाजे मात्र खूप आपटले. रडक्या शेवटाचे शौकीन असलेले काका हे सगळं मान डोलावत ऐकायचे. त्यांना हे पटायचं कसं, याचं मला कुतूहल होतं. एकदा थेंब घ्यायला ते स्वतः आले तेव्हा मी विचारलं, "काका, शेवट खरंच तसाच असतो का?"

"डोळे तिचे हायेत," काका म्हणाले. "तिले विचार."

हळूहळू काकूंच्या आगेमागे माणसं बसू लागली. भर उन्हात थंड हवेसाठी येणारे होते, तसे काकूंसाठी येणारे झाले. कुणीतरी अंधारात मोबाईलवर त्यांचा आवाज टिपला आणि तो फिरत फिरत पुण्याला पोचला. प्रशांतचा फोन आला तेव्हा काकू माझ्या दुकानातच होत्या. स्पीकर चालू होता, त्यामुळे ऐकायला मला कान लावावा लागला नाही.

"आई, माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर आलाय तुझा आवाज. लोक हसताहेत."

"हसाच्या जागी हसले का रडाच्या जागी?"

"म्हणजे?"

"ते इचारून सांग मले. हसाच्या जागी हसले असतीन तं बरोबर हाये."

"आई, निदान जरा नीट भाषेत तरी सांग ना बाबांना."

काकूंचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "तुया बाबाले मी ज्या भाषेत भाकर वाढली, त्याच भाषेत पिच्चर वाढतो. तुले पचत नाई तं तू नोको जेवू." आणि फोन ठेवून माझ्याकडे बघून विचारलं, "आज आभाळ आल्यासारखं वाटत नाई का तुले?" आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. मी "हो, आलं आहे," म्हणालो.

खरी गाठ पडली ती नव्या मॅनेजरशी. हा नागपूरहून आला होता, तरुण होता, आणि त्याने आल्या आल्या दारावर पाटी लावली की चित्रपट सुरू असताना बोलू नये. पाटी कुणासाठी आहे हे अख्ख्या गावाला कळलं. पुढच्या नवतप्यातली दुपार. तिकीट फाडून दोघं आत शिरणार तोच तो आडवा आला.

"काकू, पब्लिकच्या कंप्लेंट येऊन राहिल्या. आत बोलाचं नाई. लिहून लावलं आहे."

"आमच्या ह्यायले तुमची पाटीबी दिसत नाई अन तुमचा पिच्चरबी दिसत नाई. मंग पाटी सांगू का पिच्चर सांगू?"

मॅनेजर वाईट नव्हता. समजुतीच्या सुरात म्हणाला, "त्यापेक्षा घरी मोबाईलवर लावून द्या ना त्यांना. आरामात खाटेवर पडून ऐकतील."

मी काकूंना रागावलेलं खूपदा पाहिलं होतं, पण तो राग म्हणजे त्यांच्या करमणुकीचा भाग असे. त्या दिवशीचा तसा नव्हता; काकांची बाही त्यांनी मुठीत घट्ट आवळली. "खाटेवरून उठवून आणलं हाये मी ह्यायले," त्या म्हणाल्या. "घरापासून अठीपर्यंत पायी. तू परत खाटच सांगून राहिला. मी गप्प बसली का हे बसले. एकदा बसले तं मंग उठत नाईत, मी पाह्यलं हाये."

"नियम आहे काकू."

"राहू दे नियम."

गप्प राहून आत जा किंवा घरी जा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. काकूंनी तिसरंच केलं. टॉकीजच्या व्हरांड्यात, आतल्या दाराला लागून, पोस्टरखाली त्यांनी दुपट्टा अंथरला आणि काकांना बसवलं. काका पुटपुटले, "चल घरी." काकू म्हणाल्या, "तिकीट फाडली यायनं. पिच्चर आपला झाला." दाराच्या फटीतून आवाज येत होता. दिसत काहीच नव्हतं, म्हणजे आता दोघांची स्थिती सारखीच होती. काकूंनी क्षणभर कान दिला आणि सांगायला सुरुवात केली.

मी आत जाऊन शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसलो. त्यामुळे मला दोन्ही सिनेमे मिळाले. आत एक श्रीमंत बाप आणि त्याचा मुलगा कंपनीवरून भांडत होते. बाहेर, काकूंच्या सिनेमात, कारध्याचे दोन भाऊ तळ्याच्या पाण्यावरून भांडत होते. मोठ्याने पाट फोडून सगळं पाणी आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, वळवलं होतं आणि धाकट्याचा धान करपत चालला होता. आत बॉम्ब फुटला तेव्हा बाहेर तळ्याची पाळ फुटली. आत हिरोईन परदेशात निघून गेली. बाहेर धाकट्याची बायको पदर खोचून मोठ्या भावाच्या दारात जाऊन बसली आणि म्हणाली, पाणी सोडल्याशिवाय उठत नाही. मी आतल्या पडद्याकडे तोंड करून बाहेरचं ऐकत होतो.

इंटरव्हल झाला. माणसं समोसा खायला बाहेर आली आणि व्हरांड्यात अडकली. काकू थांबल्या नव्हत्या. इंटरव्हल आतल्यांना होता. घंटा झाली तरी निम्मी माणसं उठेनात. आत सिनेमा सुरू झाला, बाहेर त्या उकाड्यात माणसं भिंतीला टेकून, शर्टाची बटणं सोडून ऐकत होती की त्या बाईला पाणी मिळतं का. खुर्च्या रिकाम्या का, हे बघायला मॅनेजर बाहेर आला. "चला चला, आत चला," म्हणू लागला. तेव्हा समोसा खाणाऱ्या एकाने त्यालाच 'शू' केलं.

तो उभा राहिला. थोड्या वेळाने दाराला टेकला. पाणी मिळालं, मोठ्या भावाने स्वतः पाट मोकळा केला, तोपर्यंत तो तिथेच होता.

पुढच्या आठवड्यात तो काकूंना म्हणाला, "काकू, मागची कोपऱ्यातली रांग घ्या. तिथे कोनाले त्रास नाई."

"कोपऱ्यात आमी काय चोरून बसू? मधातली दे."

मधली रांग मिळाली. पाटी त्याने काढली नाही आणि काकूंनीही काढायला लावली नाही. त्या तिच्याखालूनच आत जायच्या, बोलतच.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी काकूंना लकवा मारला. सकाळी त्या दुकानात आल्या नाहीत, तेव्हाच मला चुकल्यासारखं वाटलं. उजवा हात गेला, चेहऱ्याची उजवी बाजू ओघळली, आणि बोलणं गेलं. शब्द डोक्यात आहेत पण तोंडापर्यंत येत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मला फार वाईट वाटलं. सगळ्या गल्लीतून नेमक्या याच बाईची वाचा जावी, याचा मला संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पुढच्या खोलीत दुसरी खाट टाकली होती. एका खाटेवर काका, एकीवर काकू. दुकानातून दोन्ही दिसायच्या.

प्रशांत दोघांना पुण्याला न्यायला आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. तो आईच्या साड्या बॅगेत भरत होता. काकू खाटेच्या कडेला बसून डाव्या हाताने त्या बाहेर काढत होत्या. त्याने एक ठेवली की त्या एक काढायच्या. बराच वेळ हे चाललं. शेवटी तो बापाला म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी सांगा हिला."

"ते नाई म्हणून राहिली," काका म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"बॅग भरून नाई राहिली. आयकू येते मले."

"बाबा, तुम्हाला दिसत नाही, तिला बोलता येत नाही. तुम्ही दोघं इथे करणार काय?"

काका म्हणाले, "पिच्चर पाहू."

प्रशांत खाली बसला आणि रडला. मुलगा चांगला आहे. आईपुढे तो हरला, त्यात त्याचं काही उणं नाही. कामाला एक बाई ठरवून, मला पुन्हा पुन्हा बजावून तो परत गेला. जाताना आईच्या पाया पडला तेव्हा काकूंनी डाव्या हाताने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

दिवाळीच्या आधी काकू गेल्या. ते मी सांगत बसणार नाही. काकूंना रडका शेवट चालत नसे, आणि त्यांच्या गोष्टीत तरी तो मी चालवून घेणार नाही. मी सांगतो ती त्याआधीची, भर पावसाळ्यातली दुपार. वैनगंगा कारध्याच्या पुलाखाली फुगून वाहत होती, माणसं पाणी बघायला पुलावर गेली होती, दुकानात चिटपाखरू नव्हतं. मी छत्री घेऊन टॉकीजला गेलो. सिनेमा सुरू झाला होता. अंधारात चाचपडत खुर्ची शोधत असताना मधल्या रांगेतून आवाज आला.

"हिरो आला. दाढी केली नाई."

आवाज काकांचा होता. मोठा, खणखणीत. या माणसाला एवढा आवाज आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मी त्यांच्या मागच्या रांगेत जाऊन बसलो. काका ताठ बसून, पडद्याच्या जरा डावीकडे बघत सिनेमा सांगत होते. शेजारी काकू, त्यांचा डावा हात काकांच्या हातावर; कामाची बाई दोघांना आणून बसवून गेली होती. सांगणं चुकलं की त्या थापटी मारायच्या.

"आता पाणी पडून राहिला," काका म्हणाले. "हिरोईन भिजून राहिली."

थापटी बसली. पडद्यावर स्वयंपाकघर होतं. पाऊस टॉकीजच्या पत्र्यावर पडत होता.

"नाई पडत? मंग भजे तळून राहिली ते," काकांनी सुधारलं. हिरोईन कपडे इस्त्री करत होती, पण पावसात भजी काकूंना पटली असावीत. थापटी बसली नाही.

पुढून एक मुलगा वळून म्हणाला, "ओ काका, चूप बसा ना."

"तिकीट मी बी काढली," काका म्हणाले आणि पुढे चालू.

पडद्यावर हिरो घरी आला. दोघांचं भांडण सुरू झालं. आवाज चढत गेले. काकूंची मान पुढे झाली, आणि मला पुढचं दिसायला लागलं. हिरोने हात उचलला. फाडकन आवाज झाला आणि तो पत्र्यावरच्या पावसातूनही स्वच्छ ऐकू आला.

काका थांबले. सगळ्या टॉकीजमध्ये फक्त पाऊस आणि पडद्यावरचं रडणं. काकूंनी डावा हात उचलून धरला होता.

"दरवाजा आपटला," काका म्हणाले. "मागचा. हवा सुटली तठी."

काकूंनी तो हात हळूच खाली आणला आणि काकांच्या हातावर ठेवला. थापटी मारली नाही.